दुसऱ्या गेटावरचा मारिओ

बेळगावात आषाढाचा पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकरूसारखा येतो. एकदा शिरला की हलायचं नाव नाही. अशाच एका रविवारी, घरभर दोऱ्यांवर ओले कपडे, पोटात सकाळची कांदाभजी, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला: मारिओ खेळायचा. मोबाईलवरचा नव्हे. टीव्हीला वायर लावून खेळायचो तोच.

ते मशीन कधीच भंगारात गेलं. जपानात 1983 साली निघालेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला आत्ता पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं; आम्ही त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘99999 इन 1’ छापलेलं, आत मोजून सहा खेळ आणि बाकी सगळे तेच, नावं बदलून. पडद्यावर चित्र आलं नाही की कॅसेट उपसायची, तिच्या दातांत जोरात फुंकायचं आणि परत खुपसायची. हे शास्त्र आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना येत होतं.

भाचा बेंगळूरला असतो. दिवाळीत आला तेव्हा माझ्या रखडणाऱ्या लॅपटॉपवर उबुंटू नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घालून गेला होता. त्याला फोन लावला.

“मामा, काय करुलास?”

“मारिओ घालायचाय.”

“मग एम्युलेटर लागतंय. पण कुठल्यातरी साईटवरनं सेटप उतरवू नकोस. रिपॉझिटरीतनंच घे.”

एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम, इतपत मला ठाऊक होतं. रिपॉझिटरी मी माझ्यापुरती सोडवून घेतली. मी सोसायटीत नोकरी करतो, तेव्हा माझ्या लेखी ते आमचं गोदाम. लॅपटॉपकडं गोदामांच्या पत्त्यांची यादी असते. एपीटी नावाचा शिपाई यादीबरहुकूम जातो, माल आणतो, आणि एका मालाला दुसरा लागत असला तर तोही काखोटीला मारून आणतो. त्याला ‘अपडेट’ म्हटलं तर मात्र तो काहीच आणत नाही, फक्त कुठं काय शिल्लक आहे ते वहीत उतरवून येतो. हे न कळल्यामुळं मी पुढं चार वेळा अपडेट मारून नवं काही दिसेना म्हणून त्याच्यावर रुसून बसलो होतो.

पण ते पुढं. आधी पासवर्ड. भाच्यानं ‘सुडो’नं सुरू होणारी आज्ञा व्हॉट्सॲपवर धाडली, मी ती जशीच्या तशी चिकटवली. पासवर्ड मागितला. टाकला. पडद्यावर टिंबसुद्धा उमटेना. म्हणे असंच असतं. सॉरी, ट्राय अगेन. पुन्हा टाकला. सॉरी. तिसऱ्यांदा हाकलूनच दिलं.

“मामा, पासवर्ड राहू दे. नुसतंच कायतरी टाईप कर बघू.”

केलं, तर पडद्यावर जिलब्या. पोरानं आदल्या रात्री शाळेचा कन्नड निबंध लिहून कीबोर्ड तसाच सोडला होता. माझा पासवर्ड इतका वेळ कन्नडात जात होता आणि लॅपटॉप तो घेत नव्हता. कचेरीत माझा मराठी अर्ज परत येतो, तेव्हा तिथं निदान सॉरी तरी कोण म्हणतं?

पासवर्ड जमला तर कुलूप. एपीटी म्हणाला, चावी दुसऱ्याकडं आहे. मागच्या मागं उबुंटू आपली आपण डागडुजी करत होता आणि तोवर बाकीच्यांना आत मज्जाव. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर ज्यानं उभं राहून केस पांढरे केलेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाडी दिसत नाही, पण गेट पडलंय. नेटवर काही शहाणे सांगत होते, ती लॉकची फाईलच पुसून टाका. म्हणजे गेटाखालून स्कूटर तिरकी करून काढणं. काढणारे काढतात. अर्ध्यात गाडी आली तर सगळ्या पॅकेजांच्या नोंदी विस्कटतात, मग बसा निस्तरत. मी इंजिन बंद केलं आणि चहा मागवला.

गेट उघडलं तसा मोह सुटला. नुसता मारिओ कशाला, नाणं टाकून खेळायचे तेही घेऊ! त्यासाठी मेम नावाचा एम्युलेटर आहे. उबुंटूच्या गोदामात चार खोल्या: मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स. मेम निघाला 1997 साली, फुकट, पण धंद्यासाठी वापरायचा नाही अशी त्याच्या परवान्यात मेख होती, म्हणून त्याची पथारी मल्टिव्हर्सात. 2016 साली परवाना बदलला आणि तो मोकळा झाला. “एकोणीस वर्षं लागली मामा!” भाचा हळहळला. कार्ट्याचं शिक्षण बेळगावात झालंय. आमची 1956 पासूनची खोली ठरायचीय, आणि 2004 पासून तर सुप्रीम कोर्टात आहे.

मेम राहिलाच, कारण मला एका जुन्या लेखात त्याहून भारी ‘पीपीए’ सापडला. पीपीए म्हणजे कुणा सज्जनाचं खासगी गोदाम. त्याचा पत्ता मी हातानं यादीत लिहिला. एपीटीनं थेट सांगितलं, ह्याची पब्लिक की माझ्याकडं नाही. गोदामाच्या मालयादीवर मालकाची सही असते आणि ती ताडायला लागणारी किल्ली आपल्याकडं आधी ठेवावी लागते. नाहीतर माल कितीही चोख असो, घ्यायचा नाही. मी चरफडलो. मग आठवलं, शुक्रवारीच एकाचं कर्जप्रकरण जामीनदाराची सही जुळत नाही म्हणून मीच परत पाठवलं होतं. तो बिचारा काउंटरवर अर्धा तास उभा होता. किल्ली शोधून घातली, तर कळलं की ते गोदाम उबुंटूच्या 2016 सालच्या आवृत्तीपाशीच थांबलंय, माझ्या आवृत्तीसाठी तिथं काहीच नाही. मुकाट्यानं ती ओळ खोडली.

शेवटी भाच्यानं पहिल्यांदा सांगितलं होतं तेच केलं: एफसीईयूएक्स, मारिओवाल्या मशीनचा एम्युलेटर. युनिव्हर्समध्ये होतंच. मिनिटभरात बसलं. उघडलं, तर काळाकुट्ट चौकोन.

“आता रॉम दे त्याला,” भाचा म्हणाला. “म्हणजे खेळ.”

“तो कुठल्या गोदामात?”

“कुठल्याच नाही. खेळावर कंपनीचा कॉपीराईट. इथं मशीन मिळतंय, कॅसेट ज्याची त्यानं आणायची.”

कॅसेट होती की! माळ्यावर चढलो, ट्रंक उपसली. डांबरगोळ्यांच्या वासात, मौंजीच्या फोटोंखाली, पिवळीधमक. ती घेऊन लॅपटॉपपुढं बसलो आणि त्याच्या दोन्ही बाजू बोटानं चाचपल्या. यूएसबी, एचडीएमआय, हेडफोन.

आई पलीकडं शेंगा फोडत बसली होती.

“लागलं काय रे?”

“लागलंय. पण काळंच दिसतंय.”

तिनं चष्म्यावरून आधी पडद्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कॅसेटकडं.

“मग फुंकर मार की.”