अर्धा इंच माया

रविवारी बारशाहून आल्यापासून डोक्यात एकच वाक्य फिरतंय, ते लिहून काढल्याशिवाय काही झोप लागायची नाही.

मित्राच्या मुलीचं बारसं. मी स्वतः शिवलेली खणाची कुंची घेऊन गेलो होतो, आतून मलमलचं अस्तर, गळ्याशी बंद, मागे गोंडा. हो, मी शिवतो. पुरुष आहे, आयटीत आहे आणि शिवतो. आईचं पायमशीन धूळ खात पडलेलं, लेकीला गॅदरिंगच्या आदल्या रात्री दहा वाजता आठवलं की माकडाला शेपूट लागतं, तिथून जे सुरू झालं ते लेकीचे फ्रॉक, भाच्याच्या चड्ड्या, मित्रांच्या लॅपटॉपची कव्हरं असं वाढतच गेलं.

कुंचीने मात्र घाम काढला. खण कापला की कडेचे दोरे सुटायला लागतात, कात्री खाली ठेवून चहा घेऊन यावं तर पाव इंच गायब. मलमल आदल्या रात्री भिजत घातली, कारण सुती कापड न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात आटतं, मग अस्तर आखडतं, वरचं कापड तसंच राहतं आणि सगळ्याची पोतडी होते (हा प्रयोग लेकीच्या फ्रॉकवर करून झालाय). मग टाके सुटायला लागले. दोन संध्याकाळी बॉबिनकेसचा स्क्रू पिळत बसलो, शेवटी लक्षात आलं की सुईच उलटी बसवलीय. 1846 साली अमेरिकेत ईलियास हाव नावाच्या माणसाने टोकाशी नेढं असलेल्या सुईच्या मशीनचं पेटंट घेतलं म्हणे. घेतलं ते ठीक, पण पुढे चाळिशीचा चष्मा लागलेला कोणीतरी रात्री अकरा वाजता त्या नेढ्यात दोरा ओवणार आहे याचा विचार त्याने अजिबात केलेला दिसत नाही.

असो. आत्या.

आत्या म्हणजे मित्राची आत्या, मुलीच्या आजोबांची मोठी बहीण. एका हातात घुगऱ्यांचा द्रोण, दुसऱ्या हातात माझी कुंची. सरळ बाजूकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आधी कुंची उलटी केली. चष्मा कपाळावर सरकवला, शिवण नाकाशी नेली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "छान झालीय गं. पण तुरपाईचे टाके लांब पडलेत तुझे."

बायको शर्टाचं बटण तुटलं की मला हाक मारते. ती म्हणाली, "आत्या, मी नाही, ह्याने शिवलीय."

"ह्याने शिवायला टाकली?"

"नाही हो, ह्यानेच शिवली."

"मशीनवर?"

"हो."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, कुंचीकडे बघितलं, परत बायकोकडे वळल्या. "आणि तू काय करत होतीस?"

बायको खरं बोलते, हा तिचा जुना दोष. "मी मोबाइलवर सिरियल बघत होते."

मग चार घुगऱ्या तोंडात टाकून आत्यांनी निकाल दिला, "पुरुषाच्या मानाने बरीच बरी आहे की मग." म्हणजे टाके तेच, दोन मिनिटांपूर्वी लांब होते ते आता बरे झाले. मला खरंच लागलं ते. गप्प बसायला हवं होतं, पण नाही बसवलं.

"आत्या, तुमचे ब्लाउज कोण शिवतं?"

"आमचा टेलर. तीस वर्षं त्याच्याकडेच टाकते."

"तो पुरुषच ना?"

"अरे, पण तो पैसे घेतो!"

यावर काय बोलणार? शेजारच्या दोन काकूसुद्धा माना डोलवायला लागल्या. बरं, ते खोटंही नाही. 2018 ला प्लास्टिकबंदी झाली तेव्हा अख्ख्या सोसायटीला कापडी पिशव्या मी शिवून दिल्या, कोणी जुनी चादर आणून देई, कोणी पडदा, आणि वर "तुला काय, नुसती एक टीप तर मारायचीय". 2020 ला मास्क. इलॅस्टिक मिळेना तर बंद लावून दिले, तर तक्रार काय, मानेला गाठ टोचते. नुसती एक टीप म्हणजे आधी जुनी शिवण उसवायची, रंगाचा दोरा शोधायचा, तो बॉबिनवर भरायचा, आणि टीप मारायला दोन मिनिटं. त्या आधीच्या तासाला कोणी बघायला नसतं. टेलरला "भैया, हाताला काय लागतंय" असं कोणी म्हणत नाही, शंभर काढून देतात. मी पैसे मागणार नाहीच हो, पण तुम्ही विचारा तरी! नको म्हणायची संधी तरी द्या.

आत्यांचं अजून संपलं नव्हतं. "माया किती ठेवलीस?" म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड किती सोडलंस.

"अर्धा इंच."

"अर्धाच? पोर वाढणार, सैल करायला काय उरणार तुझ्याकडे? इंचभर तरी ठेवायची रे."

ह्यात त्या बरोबर होत्या, तेच जास्त झोंबलं. तेवढ्यात "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू झालं, मुलीच्या आत्याने कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे पडले, मुलीच्या डोक्यावर कुंची चढली, एक फोटो झाला आणि लगेच उतरली. उकडत होतं तिला. मे महिन्यात कुंची आणणारा मीच.

निघताना आत्यांनी हाक मारली. मला वाटलं आता दोन शब्द तरी बरे निघतील. तर आधी आतलं सगळं सामान सुनेच्या पर्समध्ये कोंबून त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. "चेन गेलीय बघ. मरून लाव. काही घाई नाही, गुरुवारी दे."

आत्ता ती मशीनवर पडलीय. जुन्या पडद्याच्या कापडाची, त्यांनीच 1987 साली शिवलेली म्हणे. चेन काढायला शिवण उसवली, उलटी करून बघितली (हो, मीपण). टाके बारीक, एका रेषेत, कुठे दोरा लोंबत नाही. पट्टी लावून माया मोजली. इंचभर.

नवी चेन आणायला रविवार पेठेत जाऊन आलो, पंचवीस रुपये माझेच गेले. मरून नव्हती. काळी आणलीय, आता गुरुवारी काय ऐकायला मिळतंय बघू.