परदेशाच्या नावाने गावची शाळा रिकामी करू नका

कोरेगावच्या ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. जिल्हा परिषद शाळेचा पट घसरतोय, आणि घसरला तर घसरू दे, कारण ‘पोरांना उद्या परदेशात नोकरी करायची तर पहिलीपासून इंग्रजी माध्यमच पाहिजे.’ मी थायलंडमध्ये इंग्रजीच शिकवतो, त्यामुळे हे वाचून डोकं तापतं. कर्मवीरांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तो हा सातारा जिल्हा. तिथं आज परदेशाची भीती दाखवून शाळा रिकामी करायची चाललीय.

इथं थायलंडमध्ये नोकरीला घेताना तुमचं माध्यम कुणी विचारत नाही, कागद विचारतात. पदवीवर आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई वकिलातीचा. पासपोर्ट सेवेतून पोलिसांचा दाखला. इंग्रजी आपली मातृभाषा नाही, म्हणून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान 600 गुण किंवा आयईएलटीएस ही तशीच दुसरी परीक्षा. शिकवण्याचा 120 तासांचा कोर्स. तो निव्वळ ऑनलाइन नको, प्रत्यक्ष वर्गावर पाठ घ्यायला लावणारा बघा. सेल्टा या इंग्रजी शिकवण्याच्या नावाजलेल्या कोर्समध्ये असे 6 तास असतात. बी.एड. असेल तर उत्तमच, नसेल तर शाळा खुरुसपाकडून, म्हणजे थायलंडच्या शिक्षक परिषदेकडून, दोन वर्षांची तात्पुरती परवानगी काढते. शाळेचं पत्र घेऊन नॉन-बी हा नोकरीचा व्हिसा, तो पहिल्यांदा 90 दिवसांचा, आणि त्या मुदतीत वर्क परमिट. ‘पर्यटक व्हिसावर या, नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला तिथंच नमस्कार करा. परमिट हातात नसताना वर्गात उभं राहणं बेकायदा आहे आणि पकडलं तर निस्तरायचं तुम्हालाच. सत्र मेच्या मध्याला सुरू होतं, म्हणून कागदांची धावपळ डिसेंबरातच सुरू करावी.

‘फक्त मातृभाषक हवेत’, म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असेच शिक्षक हवेत, अशा जाहिराती असतात, पुष्कळ असतात. पण ते लोक पासपोर्टचा रंग बघतात. साताऱ्यातल्या महागड्या इंग्रजी शाळेतून आलेला मुलगाही त्यांच्या दारात माझ्याच रांगेत उभा राहील. आता कुणी जपानचा नियम काढेल: तिथल्या शाळांत भाषा शिकवायच्या व्हिसाला साधारणपणे त्याच भाषेतून 12 वर्षं शिकलेलं असावं लागतं. खरं आहे. म्हणून एका देशाच्या एका व्हिसासाठी अख्ख्या तालुक्याच्या शाळा बंद करायच्या का?

खरी परीक्षा वर्गात होते. थाई मुलांच्या तोंडी शब्दाच्या शेवटचा ‘ल’ टिकत नाही, ‘फुटबॉल’चं ‘फुटबॉन’ होतं. ‘स्कूल’च्या सुरुवातीच्या जोडाक्षरात स्वर घुसतो. त्यांच्या भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, त्यामुळे ‘काल’ म्हटल्यावर पुन्हा क्रियापद का बदलायचं हे त्यांना पटत नाही. ‘इस्कूल’पासून ‘स्कूल’पर्यंत स्वतः आलेला मराठी शाळेतला मास्तर ही अडचण चटकन ओळखतो. आपले दोषही ठरलेले आहेत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकच करतो, आणि सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फो’वर, आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘टो’वर. नव्या पाठातल्या शब्दांवर आदल्या रात्री पेन्सिलने जोराच्या खुणा करा, मोबाइलवर स्वतःचं वाचन ऐका. सवय मोडायला काही महिने पुरतात, त्यासाठी पहिलीपासूनची फी लागत नाही.

50 मिनिटांचा तास असतो. 5 मिनिटं उजळणी, 10 नवीन रचना, 15 जोडीने सराव, 15 मुलांचं स्वतःचं बोलणं, शेवटची 5 फळ्यावर चुका. नवा शिक्षक इथंच फसतो: रचना समजावण्यातच अर्धा तास घालवतो आणि मुलांना तोंड उघडायला वेळच उरत नाही. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळी पोरं हो म्हणतात, इथंही आणि कोरेगावातही. ‘एकट्याने की जोडीने? किती मिनिटं?’ असं विचारा, म्हणजे सूचना कळली की नाही ते लगेच दिसतं. पहिल्या आठवड्यात एकट्या मुलाला उभं करू नका, तो चारचौघांत लाजला की सत्रभर गप्प बसतो. आधी जोडीत बोलू द्या.

ग्रुपवर कुणीतरी विचारणारच, तुमची मुलगी कुठल्या माध्यमात आहे? इंग्रजीच्या. आमच्या भागात मराठी शाळा नाही आणि थाई माध्यमात घालायचं धाडस आम्हाला झालं नाही. गावच्या पटावर माझं लेकरू नाही हे मला टोचतं. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, म्हणजे इथला मी नाही. आणि गावच्या बैठकीत हात वर करायला मी तिथं नसतो. कदाचित म्हणूनच या वादात माझा आवाज जरा जास्त चढतो. तरी मत तेच आहे. फीवर घालायचा पैसा आहे ना, त्यातला थोडा शाळेतल्या गुरुजींच्या आणि बाईंच्या इंग्रजी प्रशिक्षणावर घाला. इथल्या शाळा मार्चच्या मध्यापासून दोन महिने बंद असतात, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये वर्ग चालू असतात. बोलावलंत तर त्या दिवसांत मी येईन, उच्चार आणि जोडीने घ्यायचा सराव शिकवेन, मानधन नको.