नाही म्हणा, पण पुढचा पत्ता द्या

गेल्या महिन्यात ठाण्याहून मामेबहिणीचा फोन आला. कॉपर-टी असूनही दिवस गेले होते, आठवा आठवडा. पदरात दोन मुलं, नवरा मर्चंट नेव्हीत, बोटीवर. तिला गर्भपात करून घ्यायचा होता. घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट नीट वाचला, फाइल मिटली आणि तिच्याकडे सरकवली. "मी हे करत नाही, माझ्या मनाला पटत नाही." मग कुठे जाऊ, असं विचारल्यावर, "ते तुम्ही बघा." दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच सांगितलं, मिस्टरांची सही आणा. या फेऱ्यांत पंधरा दिवस गेले. तिसरीकडे काम झालं, पण तोवर गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत टळली होती. क्युरेटिंग करावं लागलं.

घरच्या ग्रुपवर खारघरचा दादा, स्वतः डॉक्टर, लिहितो: "डॉक्टरलाही मन असतं, सक्ती कशी करणार?" मला त्याचं पटतं. ज्याचा हात धजत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये. माझं भांडण आहे ते "तुम्ही बघा" या दोन शब्दांशी.

मी आयर्लंडमध्ये राहते. बेळगावची सविता हलप्पनवार 2012 साली इथेच, गॉलवेत गेली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नव्हता, पण त्याचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव घेतला. मे 2018 च्या सार्वमतात इथल्या लोकांनी घटनेतली बंदी उठवली. त्या दिवसांत डब्लिनच्या पोर्टोबेलोत भिंतीवर तिचं मोठं चित्र होतं आणि लोक त्याभोवती चिठ्ठ्या चिकटवत होते. आपल्याकडची एक मुलगी, आणि तिची माफी मागणारं परकं गाव. ते आठवलं की अजून गळा दाटतो.

त्यानंतर आलेल्या कायद्यात डॉक्टरला सदसद्विवेकाने नकार देता येतो. मात्र बाईची पुढची सोय लवकरात लवकर लावून देणं त्याला बंधनकारक आहे, आणि जिवावर बेतलं असेल तर नकार चालत नाही. सगळे जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, ही सेवा देत नाहीतच. पण सरकारी हेल्पलाइनला फोन केला की कोण देतं ते कळतं.

इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. इथे साधारणपणे बारा आठवड्यांपर्यंतच मुभा, त्यातही तीन दिवस थांबायची अट. आपला 1971 चा गर्भपाताचा कायदा कितीतरी मोकळा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 2021 च्या दुरुस्तीने 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा अविवाहितेलाही दिली. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागतच नाही. तरीही काउंटरवर ती मागतात आणि बाई मुकाट्याने परत फिरते. नकार दिल्यावर बाईला कुठे पाठवायचं, हे मात्र या कायद्यात कुठेच नाही. ते एक कलम आपल्याकडे यायला हवं, आणि डॉक्टरांच्याच संघटनांनी ते मागावं.

दादाला मी एवढंच विचारलं, तुझ्याकडे अशी बाई आली तर कुठे पाठवशील? दोन दिवस उत्तर नव्हतं. मग त्याने नवी मुंबईतल्या दोन डॉक्टरांची नावं पाठवली. खाली लिहिलं होतं, रिसेप्शनच्या वहीतही लिहून ठेवली आहेत.