ओल धरणाऱ्या भिंतीवरची पृथ्वी
अवकाश मोहिमांची ऐतिहासिक छायाचित्रे कागदाऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून घरात लावावीत, ही एका लेखात वाचलेली सूचना आम्हा बेळगावकरांना तरी मनापासून पटण्यासारखी आहे. कारण शहापुरातील आमच्या जुन्या घराच्या भिंतींना श्रावण सरेपर्यंत ओल असते, आणि काचेआडच्या चंद्राच्या कागदी चित्रावर दोन पावसाळ्यांतच बुरशीचे असे ठिपके उमटले की पाहुणे त्यांनाही विवरेच समजत. पत्र्यावरील छपाईत शाई सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने वायुरूप होऊन वरच्या लेपात मुरते, त्यामुळे ओल तिला सहसा बाधत नाही. मात्र चकचकीत लेप टाळावा. खिडकीसमोर टांगल्यास काळ्या आकाशात आपलाच चेहरा दिसतो.

त्याच लेखात उल्लेखिलेले, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीच्या उदयाचे छायाचित्र अंतराळवीर विल्यम अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ यानातून टिपले. ते बहुधा चंद्राचे क्षितिज खाली आडवे ठेवून छापले जाते; अँडर्स यांच्या मूळ चौकटीत मात्र चंद्राचा पृष्ठभाग उजवीकडे उभा आहे. मी ते तसेच लावले आहे, आणि ‘चित्र आडवं का टांगलंस?’ असे आईने आतापर्यंत दोनदा विचारले आहे.