वाचवा, पण कामगारांनी सोडलेलं परत कधी मिळणार तेही लिहून द्या

बुडणाऱ्या कार कंपन्यांना सरकारने पैसे द्यावेत का, असा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. मी वाचवण्याच्या बाजूचा आहे. पण अमेरिकेतल्या २००८-०९ च्या बेलआउटबद्दल जितकं वाचतो तितका माझा संताप वाढतो, आणि तो पैसे दिले म्हणून नाही.

पैसे देणं भागच होतं. डिसेंबर २००८ मध्ये सेनेटमध्ये मदतीचं विधेयक अडलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी काढलेल्या निधीतून जनरल मोटर्स (जीएम) आणि क्रायस्लरला १७.४ अब्ज डॉलरची कर्जं मंजूर केली. फोर्डने त्या निधीतून काहीच घेतलं नाही, तरी फोर्डचे प्रमुख ॲलन मुलाली वॉशिंग्टनमध्ये जाऊन प्रतिस्पर्ध्यांना वाचवा म्हणून सांगत होते. का? कारण सीट, वायरिंग, ब्रेक बनवणारे पुरवठादार तिघांचे बरेचसे तेच. जीएम अचानक बंद पडली असती तर ते पुरवठादार कोसळले असते आणि फोर्डची असेंब्ली लाइनही थांबली असती. 'बुडणाऱ्याला बुडू द्या' म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

माझा राग आहे तो अटींवर. जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना जावं लागलं, जुन्या शेअरधारकांचं सगळं गेलं, हे मान्य. पण कामगारांनी काय काय सोडलं ते बघा. महागाई भत्ता थांबला. पगारासाठी २०१५ पर्यंत संप करायचा नाही, हे कबूल करावं लागलं. निवृत्तांच्या औषधपाण्याच्या फंडाला येणं असलेल्या रोखीचा मोठा भाग सोडून शेअर घ्यावे लागले. नवीन भरती होणाऱ्याला तासाला साधारण १४ डॉलर, आणि शेजारी तेच काम करणाऱ्या जुन्या माणसाला जवळपास दुप्पट! ही दुहेरी पगाराची पद्धत २००७ च्या करारातली, पण बेलआउटने ती आणखी घट्ट केली. कंपनी सावरली की यातलं काय, कधी परत मिळणार, हे कुणीही लिहून दिलं नाही.

सरकारकडे तेव्हा दिवाळखोरीतून पुन्हा उभ्या केलेल्या नव्या जीएमची सुमारे ६१ टक्के मालकी होती. एवढी ताकद हातात असताना 'आम्ही कारभारात लक्ष घालणार नाही' हेच धोरण राहिलं. डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअरही विकले. जीएममध्ये घातलेल्या ४९.५ अब्जांपैकी दहा अब्जांहून जास्त बुडाले. ते नुकसान एक वेळ मी सोसेन, नोकऱ्या वाचल्या. पण २०१५ मध्ये काही हेज फंडांनी (श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्या खासगी फंडांनी) जीएमला स्वतःचेच शेअर विकत घ्यायला भाग पाडलं, तेव्हा त्यांच्या वतीने पुढे होते हॅरी विल्सन, २००९ मध्ये हे बेलआउट हाताळणाऱ्या सरकारी टास्क फोर्समधलेच. कंपनीने पाच अब्ज डॉलरचा बायबॅक जाहीर केला. आणि मार्च २०१९ मध्ये जीएमच्या ओहायोतल्या लॉर्ड्सटाउन कारखान्यात शेवटची गाडी बनली.

याहून बरं करता येतं, हे त्याच देशाने आधी दाखवलं होतं. १९८० मध्ये क्रायस्लरच्या दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना सरकारने हमी दिली, पण बदल्यात पुढे शेअर घेण्याचे हक्क लिहून घेतले. १९८३ मध्ये क्रायस्लरचे प्रमुख ली आयकोका यांनी कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं आणि ते हक्क सोडून द्या अशी गळ घातली. सरकारने नकार दिला, लिलाव केला, तीस कोटी डॉलरहून जास्त मिळवले. कार कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर तर क्रायस्लरच्या संचालक मंडळावर बसले.

२००९ मध्ये सोडलेला महागाई भत्ता कामगारांना परत मिळाला तो २०२३ मध्ये, तोही सहा आठवडे संप करून. चौदा वर्षं! म्हणून पुढच्या वेळी कुठलंही सरकार असा चेक फाडेल तेव्हा करारात एक कलम हवंच: सलग दोन वर्षं नफा झाला की कामगारांनी दिलेली सवलत आपोआप संपेल, आणि ती संपेपर्यंत बायबॅक बंद.