क्रियापदाचा शेजारी म्हणजे कर्ता नव्हे

माझी भाची सरळसेवा भरतीची तयारी करते आहे. परवा तिने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे पाठ करू का?’ विषय इंग्रजीतला कर्ता आणि क्रियापदाचा मेळ. नियम चार. क्रियापदाला लागून असलेलं नाम बघा, त्यावर ‘इज’ की ‘आर’ ते ठरवा. ‘अँड’ दिसलं की डोळे झाकून ‘आर’. ‘नन’ नेहमी एकवचनी. ‘टीम’सारखे समूहवाचक शब्द नेहमी एकवचनी.

पाठ करू नकोस, म्हणालो. पण का, ते फोनवर धड सांगता आलं नाही.

पहिला नियम सगळ्यात घातक, कारण सोप्या वाक्यांत तो बरोबर उत्तर देतो आणि परीक्षेतल्या नेमक्या वाक्यात दगा देतो. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज ऑन द टेबल.’ क्रियापदाला खेटून मँगोज बसलेत, पण टेबलावर आहे ती पेटी. म्हणून ‘इज’. ‘द हेडमास्टर, अलाँग विथ द टीचर्स, इज कमिंग’ याचंही तेच. ‘ऑफ’, ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’ यांच्यामागून येतं ते वऱ्हाड; नवरदेव त्याआधीच येऊन गेलेला असतो.

हा नियम आपल्याला चटकन पटतो, त्याला आपली मराठी कारण असावी. आपण ‘आंब्यांची पेटी आली’ म्हणतो. मुख्य नाम शेवटी, थेट क्रियापदाच्या मांडीला मांडी लावून. इंग्रजीत हीच रचना उलटी होते, पेटी पुढे जाते आणि आंबे क्रियापदाजवळ येतात. शिवाय ‘एक पातेलं आणि दोन ताटल्या पडल्या’, पण ‘दोन ताटल्या आणि एक पातेलं पडलं’ असं आपण बिनदिक्कत बोलतो. जवळच्याला मान द्यायची सवय घरचीच आहे.

शेजारी बघायचा तो ‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’ असतील तेव्हा. ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.’ नामांची अदलाबदल करा, ‘वॉज’ होईल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एका कोपऱ्यातला नियम उचलून सगळ्या घराला लावलेला दिसतो.

‘अँड’चं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ‘वरणभात झाला का?’ असं विचारतो, ‘झाले का?’ असं नाही, कारण ताटात तो एकच पदार्थ. तसंच ‘ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट’. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज’ म्हटलं की दोन्ही पदं सांभाळणारा माणूस एकच. ट्रेझररच्या आधी आणखी एक ‘द’ घातला की माणसं दोन होतात आणि ‘आर’ येतं. ‘एव्हरी बॉय अँड गर्ल’नंतरही ‘इज’च.

आता ‘नन’. हा गैरसमज फॉरवर्डचा एकट्याचा नाही, चांगले शिक्षकही तो सांगतात. युक्तिवाद असा, की शब्दाची फोड ‘नाही’ अधिक ‘एक’, मग अनेकवचन कसलं? फोड खरी आहे, जुन्या इंग्रजीत तो तसाच घडला. पण ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला म्हणून आपण शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणायचं थांबतो का? 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात, ‘नन ऑफ दीज थिंग्ज मूव्ह मी’ असं आहे. ‘मूव्ह’, ‘मूव्ह्ज’ नाही. म्हणजे चारशे वर्षांहून जुना अनेकवचनी वापर, तोही धर्मग्रंथाच्या भाषांतरात. ‘नन ऑफ द बुक्स’ला ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात. ‘नन ऑफ द मिल्क’ला मात्र ‘इज’च, दूध मोजता येत नाही म्हणून. एकाच प्रश्नाला ‘नन ऑफ द बुक्स इज’ आणि ‘आर’ असे दोन पर्याय दिले, तर चूक प्रश्न काढणाऱ्याची.

‘टीम’बद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेत ती बहुधा एकवचनी. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं, आणि क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्या कुणालाही ‘इंडिया हॅव वन द टॉस’ नवं नाही. ‘द पोलीस’ला तर दोन्हीकडे ‘आर’.

राहता राहिली फॉरवर्डच्या माथ्यावरची इंग्रजी ओळ, जी भाचीने पाठवताना वाचली नव्हती आणि मीही दुसऱ्यांदा उघडल्यावर पाहिली : ‘द लिस्ट ऑफ रूल्स आर गिव्हन बिलो.’ गडी स्वतःचा पहिला नियम पाळून मोकळा झाला होता.