खुलासा: ‘बंदुकीचं लायसन्स असेल तर गाडी तपासता येत नाही’ हे चूक

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: बंदुकीचं लायसन्स असेल तर पोलीस वॉरंटशिवाय गाडी तपासू शकत नाहीत, आणि बंदूक आहे हे सांगायचीही गरज नाही. कृपया तो पुढे पाठवू नका.

ड्रायव्हरला खाली उतरवायचा अधिकार पोलिसांना अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 1977 च्या मिम्स निकालापासून आहे. माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा सकारण संशय असेल, तर 1983 च्या मिशिगन विरुद्ध लाँग निकालाप्रमाणे गाडीच्या आत शस्त्र लपू शकेल अशी जागा वॉरंटशिवाय तपासता येते. डिकी यात येत नाही. पण ‘बघा की’ म्हणालात, तर ती संमतीच! नकार द्यायचा तर शांतपणे, तोंडी. आडवं येऊ नका.

सांगण्याचा नियम राज्यागणिक वेगळा. मिशिगनमध्ये लपवून बाळगलेलं पिस्तूल असेल तर पोलिसांनी थांबवताच सांगावं लागतं. ओहायोत 2022 पासून विचारल्यावरच. ग्लव्ह बॉक्समध्ये कागद आणि पिस्तूल एकत्र ठेवू नका. गोंधळ तिथेच होतो. हात स्टिअरिंगवर, आणि आधी बोलणं.

मेसेजमध्ये नसलेली, पण आपल्यातल्या अनेकांना लागू होणारी गोष्ट: एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही.